भुयारातील भिंतींचे रंग

बराकपुरात नेमणुकीवर असलेल्या आम्हां मराठी मंडळींचा कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेशी येणारा संबंध तसा उसनवारीचाच म्हणावयाचा. ती आमच्या गावापर्यंत येत नाही. सियालदहकडे जाणारी लोकल धरावी, दमदमला उतरावे, तेथे मेट्रोत चढावे आणि मग जमिनीच्या पोटात शिरावे, असा आमचा परिपाठ. या प्रवासात आम्ही आजवर घड्याळ पाहिले, वर्तमानपत्र पाहिले, क्वचित सहप्रवाशांच्या मुद्राही न्याहाळल्या. परंतु स्थानकांच्या भिंती मात्र कधी पाहिल्या नव्हत्या. त्या पाहावयास आम्हांस शिकविले आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्रींनी. या लेखात काही श्रेयस्कर आढळल्यास ते त्यांचे. दोष अर्थातच आमचे.

या मातोश्री वाईकडच्या. मुलाची बदली इकडे झाली तेव्हा त्याच्यासोबत आल्या. गणेशोत्सवाच्या दिवसांत हाजरा मार्गावरील महाराष्ट्र निवासात जाण्यासाठी आम्ही सारे निघालो होतो. संध्याकाळची वेळ, डब्यात पाऊल ठेवावयास जागा नाही. कोणते स्थानक आले हे पाहण्यासाठी आम्ही माना उंचावीत होतो आणि दर वेळी कोणाचा तरी खांदा किंवा पिशवी नेमकी पाटीच्या आड येत होती. मातोश्री मात्र कोपऱ्यातील आसनावर स्वस्थ बसून होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, कशाला एवढी धडपड? ती हातानं लिहिलेली भिंत येते ना, ते ठेसन गेलं की पुढचं दुसरं आपलं."

हातांनी लिहिलेली भिंत म्हणजे रवींद्र सदन स्थानकाची. तेथे भिंतीवर रवींद्रनाथांचे हस्ताक्षर व त्यांची रेखाटने उमटविली आहेत. त्यानंतर नेताजी भवन, आणि त्यापुढील यतीन दास पार्क, म्हणजे हाजऱ्याचा नाका. मातोश्रींना बंगाली लिपी येत नाही. स्थानकाच्या पाट्यांवर नाव देवनागरीतही असते आणि ती लिपी त्यांना चांगली येते. परंतु पाटी दिसावी तर ना! भिंत मात्र दिसते. दोन माणसांच्या मधल्या चार बोटांच्या फटीतूनही दिसते. जे अक्षर त्यांना वाचता येत नव्हते तेच अक्षर त्यांना वाट सांगत होते. ही गोष्ट लहान खरी, परंतु तिने आम्हांस विचारात पाडले.

साहित्याला वाहिलेल्या मासिकात भिंतीवरच्या टाइलींची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचक करतील. त्यांस आमचे उत्तर असे की, चित्रप्रदर्शनाला आपण मनात आले तर जातो, नाटकाचे तिकीट काढतो वा काढत नाही; स्थानकाची भिंत मात्र आपणांस विचारून समोर येत नाही. लक्षावधी माणसे ती दररोज, इच्छा असो वा नसो, पाहतात. ज्या कलेला असा सक्तीचा प्रेक्षक लाभला आहे तिच्याकडे टीकाकारांनी पाठ फिरवावी, हे आमच्या मते टीकेच्याच कर्तव्यात चुकणे होय. शिवाय आपण बदलीवर फिरणारी माणसे. नव्या गावी ओळख पटविणारी पहिली खूण बहुधा एखादी भिंत, एखादे झाड, एखादा रंग हीच असते. भाषा मागाहून येते.

प्रथम टाइल या वस्तूचाच विचार करू. भुयारात ती का वापरतात? मातीची भाजलेली ही चकती, तिच्यावर काचेचा लुकण. ओल तिला बाधत नाही. धूळ व काजळी ओल्या फडक्याने निघते. दिव्याचा प्रकाश ती गिळून न टाकता परत देते. तिचा रंग वरून लावलेला नसतो, भट्टीत धातूंच्या योगाने उमललेला असतो. कोबाल्टापासून निळा, तांब्यापासून हिरवा, मँगेनीजपासून जांभळा, कथिलापासून दुधी पांढरा. म्हणून तो ऊन-पावसाने, आणि भुयारात तर काळानेही, सहसा विटत नाही. परंतु या गुणांबरोबर एक मर्यादाही येते. टाइल ही चौकोनी व सांध्यांनी बांधलेली असते. भिंत म्हणजे अशा शेकडो चौकोनांची वीण. या विणीला मान देणारी रचना कोणती आणि तिला झाकू पाहणारी कोणती, हा या कलेतील पहिला विवेक.

दुसरा विवेक प्रेक्षकाचा. भुयारी स्थानकातील भिंत पाहणारा मनुष्य बसलेला किंवा लोंबकळत उभा असतो. त्याचे चित्त कचेरीत किंवा घरी असते. गाडी थांबते ती अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. येथे बारकावा वाया जातो. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात क्षेमेंद्राने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. कटिमेखला गळ्यात घातली तर ती सोन्याची असूनही हास्यास्पद होते, हा त्या विचाराचा मथितार्थ. स्थानकाच्या भिंतीला तो अक्षरशः लागू पडतो. प्रदर्शनात शोभणारे चित्र येथे शोभेलच असे नाही.

हा विवेक फार पूर्वी लंडनमधील लेस्ली ग्रीन नावाच्या तरुण वास्तुकाराने दाखविला. १९०६ व १९०७ या दोन वर्षांत तेथे तीन नव्या भुयारी मार्गांची स्थानके त्याच्या आराखड्याने उभी राहिली. रस्त्यावरून दिसणारा त्यांचा दर्शनी भाग त्याने सर्वत्र एकाच गडद, बैलाच्या रक्तासारख्या लाल रंगाच्या चकचकीत मातीकामाने मढविला. लांबूनच कळावे की हे भुयारी रेल्वेचे दार. खाली फलाटावर मात्र त्याने उलट केले. प्रत्येक स्थानकाला टाइलींची रंगसंगती निराळी आणि नक्षीही निराळी. कोठे हिरव्याच्या चौकटी, कोठे तपकिरी पट्टे. आणि स्थानकाचे नाव टाइलीतच भाजून पक्के केलेले. रोजच्या प्रवाशाने मान न वळवता ओळखावे, की आपले ठिकाण आले. हा ग्रीन १९०८ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावला. त्याच्या कित्येक भिंती मात्र आजही काम करीत आहेत.

बा. सी. मर्ढेकर हे नभोवाणीच्या नोकरीतले, म्हणजे एका अर्थी आपल्याच बिरादरीतले. १९५६ साली त्यांचे देहावसानही परप्रांतीच, दिल्लीस झाले. त्यांनी सौंदर्याची उपपत्ती लावताना लयीचे तीन प्रकार सांगितले होते: संवाद, विरोध आणि समतोल. ग्रीनच्या योजनेत हे तिन्ही आम्हांस दिसतात. वरच्या लाल दारांत संवाद. खालच्या फलाटाफलाटांत विरोध. आणि एका संबंध मार्गाचा विचार केला तर या दोहोंचा समतोल. लय ही एका भिंतीत नसते, ती भिंतींच्या मालिकेत असते, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून या कलेची परीक्षा करताच येणार नाही. एखादे स्थानक सुंदर आहे की नाही हा प्रश्न अपुरा आहे. मागच्या व पुढच्या स्थानकाशी त्याचे नाते काय, हा खरा प्रश्न.

हेच सूत्र न्यूयॉर्कात स्क्वायर व्हिकर्स याने एका निराळ्याच टोकास नेले. १९३२ पासून तेथे जो सार्वजनिक मालकीचा नवा मार्गसमूह सुरू झाला, त्याच्या स्थानकांतील पांढऱ्या टाइलींवर त्याने रंगीत पट्टा ठेवला आणि त्या रंगांना क्रम दिला: जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, तांबडा. शहराच्या दक्षिण टोकाकडून बाहेर निघालो की प्रत्येक जलद गाडीच्या स्थानकावर रंग पुढे सरकतो. मधली लहान स्थानके मागील मोठ्या स्थानकाचाच रंग वागवितात. तांबडा संपला की पुन्हा जांभळा. योजना इतकी नेटकी, की एखाद्या वैयाकरणाने टाळी द्यावी. परंतु ही पट्टी कोणाला शिकविलीच गेली नाही. रोज त्या मार्गाने जाणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना भिंतीत असा काही क्रम दडलेला आहे याची वार्ताही नसते. ग्रीनच्या भिंतीला चेहरा आहे. व्हिकर्सच्या भिंतीला व्याकरण आहे. चेहरा ओळखावयास शाळेत जावे लागत नाही. आम्हांस दोन्ही योजना आदरणीय वाटतात, परंतु वाईच्या मातोश्रींना पहिलीच उपयोगी पडेल यात संशय नाही.

येथे चित्र विरुद्ध नक्षी हा जुना वाद उभा राहतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पोर्तुगीजांकडे, आणि म्हणून काही अंशी आपल्या गोव्याकडे आहे. पोर्टो शहरातील साँ बेंतू रेल्वेस्थानकाच्या दालनात जॉर्ज कोलासू या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सुमारे वीस हजार टाइलींवर इतिहासातील प्रसंग रंगविले. याच कोलासूच्या हातच्या निळ्या टाइली पणजीत मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ पासून आहेत. त्यांवर कामोइशच्या महाकाव्यातील प्रसंग आहेत. गोव्यास जाणाऱ्या वाचकांनी त्या अवश्य पाहाव्यात. टाइलींचे सांधे जणू नाहीतच अशा रीतीने एकेक प्रसंग भिंतभर पसरला आहे. ते पाहावयास मनुष्याने उभे राहिले पाहिजे, मागे सरले पाहिजे, पुन्हा जवळ गेले पाहिजे. दालनात हे शक्य आहे. म्हणून तेथे ते उचितही आहे.

परंतु त्याच पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे १९५९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा मारिया केइल या चित्रकर्तीने वेगळी वाट धरली. आरंभीच्या बहुतेक सर्व स्थानकांच्या टाइली तिच्या. तिने माणसे, जहाजे, राजे काही काढले नाहीत. त्रिकोण, वर्तुळे, पट्टे आणि मोजके रंग यांची पुनरावृत्ती केली. टाइल चौकोनी आहे ही अडचण न मानता तीच तिने छंदासारखी वापरली. ओवीला जशी तिची मात्रा, तशी या भिंतीला तिची टाइल. चालत्या माणसाच्या डोळ्याला अशी भिंत तालासारखी लागते. तिच्यातून काही वाचावयाचे राहून गेले अशी रुखरुख लागत नाही. कोलासू मोठा की केइल, हा तंटा आम्ही मांडीत नाही. एकाची भिंत थांबलेल्यासाठी, दुसरीची चालणाऱ्यासाठी, इतकेच.

आता आपल्या कलकत्त्याकडे वळू. या शहराची जमीन दोनदा मोठ्या प्रमाणावर खणली गेली, आणि पहिल्या खेपेचे अपश्रेय आपल्या पूर्वजांकडे जाते. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने नगरवासीयांनी जो खंदक खणावयास घेतला तो 'मराठा खंदक' या नावानेच इतिहासात राहिला. पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. दुसरी खोदाई भुयारी रेल्वेची. २९ डिसेंबर १९७२ रोजी तिची कोनशिला बसली. पुढे कैक वर्षे शहराचे मुख्य रस्ते उघड्या चरांनी चिरलेले राहिले. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर एवढ्या अंतरावर पहिली गाडी धावली. भारतातील ही पहिली भुयारी रेल्वे. दमदम ते टॉलीगंज हा संबंध मार्ग पुरा होण्यास १९९५ उजाडले. पहिल्या खोदाईची आठवण बंगाली घरांतील अंगाईत अद्याप आहे असे सांगतात. दुसरीची आठवण तेथील वृद्ध रहिवासी चिखलाच्या संदर्भात काढतात.

या मार्गावरील भिंतींत आम्ही अग्रपूजेचा मान रवींद्र सदनालाच देऊ. त्याचे कारण रवींद्रनाथांविषयीचा आदर एवढेच नव्हे. रवींद्रनाथांची चित्रकला ही मुळात खाडाखोडीतून जन्मली. हस्तलिखितात शब्द खोडावेत, त्या खोडलेल्या जागा रेषांनी जोडाव्यात, आणि त्यांतून एखादा पक्षी किंवा अनामिक श्वापद वर यावे, अशी तिची कुळकथा. साठीनंतर ते या कलेकडे वळले आणि १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. अक्षर आणि चित्र यांच्या सीमेवरची ही कला आहे. म्हणून ज्याला बंगाली वाचता येते त्याला ती भिंत काव्य देते, आणि ज्याला येत नाही त्याला नक्षी देते. दोघांपैकी कोणीही रिकाम्या हाताने परत जात नाही. सार्वजनिक भिंतीकडून याहून अधिक काय मागावे?

यात आणखी एक मर्म आहे. रवींद्रनाथांना तांबडा व हिरवा यांतील भेद पुरता जाणवत नसावा, असे अभ्यासकांनी त्यांच्या लेखनावरून व चित्रांवरून सप्रमाण मांडले आहे. सरकारी नोकरीत शिरताना ठिपक्यांच्या चकत्यांतील अंक ओळखण्याची परीक्षा आपल्यापैकी कित्येकांनी दिली असेल. तीत अडखळणारे काही जण नेहमी असतातच. अशा माणसांना न्यूयॉर्कचा पट्टा काय कामाचा? केवळ रंगावर उभारलेली खूण ही त्यांच्यापुरती मुकी असते. ग्रीनने रंगाबरोबर नक्षीही बदलली, त्यामागे हाच हेतू होता की नाही हे सांगता येत नसले तरी त्याचे फळ असे मिळाले, की रंग न कळणाऱ्यालाही स्थानक कळते. आणि रंगभेद पुरता न जाणवणाऱ्या कवीच्या रेषेने नटलेली भिंत आज रंगाविनाच ओळखू येते. रंगसंगतीचा खरा आधार गडद आणि फिका यांच्या तोलात व रेषेच्या वळणात असतो, हे आम्ही या भिंतीपासून शिकलो.

दुर्दैवाने ही भिंत अपवादात्मक आहे. इतर ठिकाणी आमची नजर खिळते ती बहुधा जाहिरातींवर. जाहिरातीला आमचा तात्त्विक विरोध नाही. तिच्या उत्पन्नाने तिकीट स्वस्त राहत असेल तर ती सुखाने असो. परंतु तीच साबणाची वडी आणि तोच दागिन्यांचा हार पाच स्थानकांत पाच वेळा दिसू लागला म्हणजे पाचही स्थानके एक होतात. संवाद उरतो, विरोध नाहीसा होतो. आणि मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर लयच खुंटते.

नावांची कथा यास जोडूनच आहे. २००९ साली टॉलीगंज स्थानकाला महानायक उत्तमकुमार हे नाव मिळाले, आणि त्यापुढे दक्षिणेकडे जी स्थानके होत गेली त्यांना मास्टरदा सूर्य सेन, गीतांजली, कवी नजरुल, शहीद खुदिराम अशी नावे ठेवली गेली. व्यक्तींविषयी आम्हांस परम आदर आहे. परंतु नाकतला येथे उतरणाऱ्या नवख्या माणसाला 'गीतांजली' या नावावरून आपण कोठे आलो याचा पत्ता लागत नाही. नावाने गाव सांगावयाचे सोडले, की ते काम भिंतीवर येऊन पडते. थोरांची नावे द्यावयाची असतील तर जरूर द्यावीत; मग भिंतीने तरी स्थळ सांगितले पाहिजे.

आज रंग स्थानकांकडून निघून मार्गांकडे गेले आहेत. जुना मार्ग निळा, साल्ट लेकहून हावड्यास जाणारा हिरवा, जोक्याचा जांभळा, आणखी एक नारिंगी, विमानतळाचा पिवळा. नकाशात हे सोयीचे आहे. परंतु नकाशा वरून पाहणाऱ्यासाठी असतो आणि प्रवासी आत असतो. निळ्या मार्गावर बसलेल्याला 'मी निळ्या मार्गावर आहे' हे सांगून काय उपयोग? त्याला कोणत्या दारी उतरावयाचे ते हवे आहे.

या नव्या व्यवस्थेत एक जागा मात्र आम्हांस मनापासून आवडली, आणि तेथे टाइल नाहीच. हिरव्या मार्गाचा एस्प्लनेड ते हावडा मैदान हा तुकडा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. त्यात गाडी हुगळीच्या तळाखालून सुमारे ५२० मीटर जाते. हे अंतर पाऊण मिनिटात सरते. तेवढ्या भागात बोगद्याची भिंत निळ्या दिव्यांनी उजळलेली असते. आम्ही गेलो त्या दिवशी समोरच्या बाकावरील एक लहान मुलगी निळा उजेड दिसताच आईला म्हणाली, "मा, गंगा!" पाटी नाही, घोषणेची वाट पाहणे नाही. योग्य जागी, योग्य तेवढा वेळ, एक रंग एकच गोष्ट सांगतो.

आता कोणी खडूस टीकाकार म्हणेल, गंगा निळी कोठे आहे? बराकपूरच्या घाटावर रोज संध्याकाळी फिरणाऱ्या आम्हां मंडळींना ती चांगली ठाऊक आहे. पावसाळ्यात ती गढूळ तांबूस, हिवाळ्यात राखी. निळी आम्ही तिला अद्याप पाहिली नाही. परंतु संस्कृत कवींनीही कीर्ती पांढरी आणि अनुराग तांबडा मानला तो डोळ्यांनी पाहून नव्हे. त्याला कविसमय म्हणतात. सर्वांना मान्य असलेला संकेत खोटा असूनही खरे सांगतो. नदीचा निळा रंग हा तसाच एक कविसमय होय. त्याच्या जागी मातकट दिवे लावले असते तर ते सत्याला धरून झाले असते, आणि कोणाला काही कळले नसते.

संकेतांचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे, की या प्रांताला सजविलेल्या भिंतीचे वाण कधीच नव्हते. माळद्याजवळच्या गौड येथील लट्टन मशिदीच्या विटांवर पंधराव्या शतकातील रंगीत लुकणाचे अवशेष आजही आहेत. त्याच शतकात, १४७२ साली, आपल्या सीमेवरील बीदरला महमूद गवानच्या मदरशाची भिंत निळ्या-पिवळ्या टाइलींनी मढली होती. विष्णुपूरची मंदिरे, म्हणजे १६४३चे श्यामराय, १६५५चे जोडबांगला, तर भाजलेल्या मातीच्या चौकोनी फलकांनी पायापासून शिखरापर्यंत विणलेली आहेत. तेथील मदनमोहनाने स्वतः तोफ डागून मराठ्यांना परतविले अशी कथा गावकरी सांगतात, आणि आपण मराठी आहोत हे कळल्यावर किंचित हसून, चहाही पाजतात. केइलने लिस्बनमध्ये जे केले त्याचे बीज, टाइल हाच छंद मानणारी भिंत, येथे तीन शतके आधीपासून आहे. भुयारी रेल्वेच्या योजकांना उदाहरणासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही.

हाच प्रश्न आता आपल्या घरीही आला आहे. पुण्यात मंडईखालून २९ सप्टेंबर २०२४ पासून गाडी धावते. मुंबईत आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा झाला आणि गिरगाव, काळबादेवी, शितलादेवी ही नावे जमिनीखाली गेली. रजेवर जाणाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे, की त्यांनी एक प्रयोग करावा. गाडी थांबली की पाटी पाहू नये, भिंत पाहावी. आणि आपण गिरगावात आहोत की आणखी कोठे, हे कळते का ते स्वतःस विचारावे. उत्तर काय येईल ते आम्ही येथून सांगणार नाही. परंतु ज्या गिरगावाची चाळ, कठडा आणि गणपती यांवर मराठी साहित्याने शेकडो पाने लिहिली, त्या गिरगावाला स्वतःचा रंग असू नये, असे कोण म्हणेल?

शेवटी बराकपूर. बरानगरहून बराकपूरपर्यंत मार्ग नेण्याची योजना मंजूर होऊन दीड दशकाचा काळ लोटला. ज्या बी. टी. रोडवरून तो यावयाचा, त्याच रस्त्याखालून पलताच्या जलशुद्धीकरण केंद्रातून कलकत्त्यास पाणी नेणारे जुने नळ गेले आहेत. त्यांना धक्का लावता येत नाही, आणि शहराची तहान ही प्रवाशांच्या सोयीहून मोठी आहे हे कोणीही मान्य करील. तोवर नकाशावर या मार्गाला गुलाबी रंग दिलेला आहे. म्हणजे आमच्या गावाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. रंग मिळाला आहे, भिंत मिळावयाची आहे.

ती कधीकाळी मिळालीच तर कशी असावी? येथे मंगल पांडे यांची १८५७ची स्मृती आहे. गांधींच्या रक्षाविसर्जनाच्या जागी हबीब रहमान यांनी रचलेला, १९४९ साली उद्घाटन झालेला गांधी घाट आहे. लाटसाहेबांचा जुना वाडा व वृक्षराजी आहे. यांची चित्रे भिंतीवर रंगविण्याचा मोह योजकांना होईल. आमचे मत असे, की चित्रे घाटावर व उद्यानात असू द्यावीत. भुयारात विष्णुपुरी भाजल्या मातीचा तांबूस पट्टा असावा, त्यावर नदीच्या वळणाची एकच रेघ असावी, आणि ती रेघ गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जावी. म्हणजे गर्दीतल्या चार बोटांच्या फटीतूनही तिचा एक तुकडा दिसेल. रंग न कळणाऱ्याला रेघ कळेल. वाचता न येणाऱ्याला दोन्ही कळतील.

तो दिवस उगवेल तेव्हा आज येथे असलेल्यांपैकी कोणी येथे नसेल. कोणी नागपूरला, कोणी जबलपूरला, कोणी निवृत्त होऊन पुण्यास गेलेला असेल. वाईच्या मातोश्री गेल्या महिन्यातच परत गेल्या. चिरंजीवांची बदली झाली. परंतु त्यांच्यासारखी कोणी दुसरी म्हातारी, कोणत्या तरी मुलाच्या कोणत्या तरी बदलीपायी, कोणत्या तरी गावाहून या गावी येणारच आहे. तिला येथील भाषा येणार नाही, गर्दीत पाटी दिसणार नाही. आपल्या उतरण्याचे ठिकाण तिला कोणी सांगावयाचे? भिंतीने सांगावे, इतकीच आमची मागणी आहे.